नेपियरला सुपर, डीएपी की रॉक फॉस्फेट? सीमाभागातल्या वैरणवाल्यांसाठी

माझं सासर कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, माहेर त्याच जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यात. इकडे लाल, जांभ्याची माती आणि पावसाळ्यात न थांबणारा पाऊस. तिकडे काळी, चुनखडीची, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी जमीन. गोठ्यासाठी पहिल्यांदा वीस गुंठे संकरित नेपियर गवत लावलं तेव्हा मी माहेरच्या दादाला विचारून डीएपी घातलं, म्हणजे नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) दोन्ही देणारं खत. पुढच्या वर्षी शेजारच्यांचं ऐकून सुपर, म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचं खत घातलं आणि गवत फिकं दिसलं म्हणून सुपरला नावं ठेवली. दोष सुपरचा नव्हता. माझी तुलनाच चुकली होती, आणि ते कळायला मला दोन वर्षं लागली. तुम्ही नवीन वैरण लावत असाल तर तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी एवढं गोळा करा:

- जमिनीचा उतारा (आरटीसी) आणि आधार कार्ड. खत घेताना दुकानातल्या मशिनवर अंगठा लागतो, म्हणून आधार ज्याचं आहे त्यानेच जावं.
- फ्रूट्स आयडी. अनुदानाच्या योजनेसाठी अर्ज करायचा झाला तर हा नंबर विचारतात. काढला नसेल तर तुमच्या होबळीच्या (तालुक्यातल्या महसुली विभागाच्या) रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या शेतकरी केंद्रात चौकशी करा.
- खुरपं किंवा कुदळ, प्लास्टिकची बादली, स्वच्छ कापडी पिशवी. लोखंडी गंजकं घमेलं आणि खताचं रिकामं पोतं माती गोळा करायला वापरू नका.
- वजनकाटा. दुधाच्या डब्याचा टांगता काटा चालतो.
- वही.

१. आधी माती, मग खत

स्फुरद हे असं अन्नद्रव्य आहे की ते कुठल्या मातीत पडलं यावर त्याचं नशीब ठरतं. आम्ल लाल मातीत ते लोह आणि ॲल्युमिनियम धरून ठेवतात, आणि चुनखडीच्या काळ्या मातीत कॅल्शियम धरून ठेवतो. दोन्हीकडे खत मातीतच असतं, पण मुळाला मिळत नाही. म्हणून सामू, म्हणजे पीएच, माहीत नसताना खत निवडणं म्हणजे अंदाजाने औषध देणं.

ढोबळ चित्र असं: खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला जांभ्याची आम्ल माती. अथणी, रायबाग, गोकाक, चिकोडी भागात बहुतेक काळी, सामू आठच्या आसपास किंवा वर. पण ढोबळ चित्रावर विसंबू नका. निपाणी, हुक्केरी भागात तर एकाच गावात टेकाडावर लाल आणि ओढ्याकडे काळी माती असते.

नमुना असा घ्या. रानात नागमोडी फिरत आठ-दहा जागा निवडा. बांध, झाडाखालची जागा, जुना उकिरडा आणि गुरं बांधायची जागा टाळा. प्रत्येक जागी वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत एक पातळ चकती काढा. सगळी माती बादलीत मिसळा, कागदावर पसरा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका. असं अर्धा किलो उरेपर्यंत करा आणि सावलीत वाळवा. लाल आणि काळा तुकडा वेगळा असेल तर नमुनेही वेगळे.

खत घातल्यानंतर लगेच नमुना घेऊ नका. माझा पहिला अहवाल याच कारणाने फुकट गेला. त्यात स्फुरद ‘भरपूर’ आलं होतं, कारण महिन्यापूर्वी टाकलेले दाणे मातीबरोबर पिशवीत गेले होते.

नमुना रैत संपर्क केंद्रात देता येतो. बैलहोंगल तालुक्यात मत्तिकोप्पला कृषी विज्ञान केंद्र आहे, धारवाडला कृषी विद्यापीठ आहे. गवताविषयी खोलात विचारायचं असेल तर धारवाडलाच भारतीय चारा व गवताळ भूमी संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे.

२. कन्नडमधला अहवाल वाचायला शिका

आपल्याकडे अहवाल बहुधा कन्नडमध्ये येतो, आणि मराठी शाळेत शिकलेला माणूस इथे अडतो. तो घडी करून देव्हाऱ्यामागे ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. सहा-सात शब्द लक्षात ठेवलेत तर काम भागतं:

- रससार: सामू
- सावयव इंगाल: सेंद्रिय कर्ब
- सारजनक: नत्र
- रंजक: स्फुरद. मराठीत रंजकचा अर्थ भलताच, म्हणून हा शब्द नजरेतून निसटतो. आपल्याला हवी ती ओळ हीच.
- गंधक: आपलंच गंधक
- कडिमे, मध्यम, हेच्चु: कमी, मध्यम, जास्त

आता मोठा सापळा. स्फुरदाचा आकडा दोन प्रकारे लिहितात. काही ठिकाणी नुसता ‘पी’ (मूलद्रव्य) म्हणून, काही ठिकाणी ‘पी२ओ५’ (त्याचं ऑक्साइड) म्हणून. ‘पी’मध्ये हेक्टरी १० किलोच्या खाली कमी, १० ते २५ मध्यम. तेच ‘पी२ओ५’मध्ये साधारण २३ च्या खाली कमी, २३ ते ५६ मध्यम. म्हणजे १८ हा आकडा एका पद्धतीत मध्यम आणि दुसऱ्या पद्धतीत कमी! ‘पी’ला २.२९ ने गुणलं की ‘पी२ओ५’ येतं. अहवालात वर काय लिहिलंय ते आधी बघा, नसेल लिहिलं तर देणाऱ्याला विचारा. खताच्या पोत्यावरचा आकडा मात्र नेहमी ‘पी२ओ५’चाच असतो.

आणखी एक विचारून घ्या. आम्ल मातीसाठी ‘ब्रे’ पद्धत योग्य, उदासीन आणि विम्ल (अल्कधर्मी) मातीसाठी ‘ओल्सेन’. खानापूरच्या आम्ल मातीला ओल्सेनने तपासलेलं असेल तर त्या आकड्यावर फार भार देऊ नका.

३. पोत्यावरचे आकडे

५० किलोच्या पोत्यात काय येतं ते असं:

- सिंगल सुपर फॉस्फेट (दुकानात नुसतं ‘सुपर’): १६ टक्के, म्हणजे ८ किलो स्फुरद. शिवाय ११ टक्के गंधक, म्हणजे साडेपाच किलो, आणि बराचसा कॅल्शियम.
- डीएपी (१८-४६): ९ किलो नत्र, २३ किलो स्फुरद. गंधक नाही.
- २०-२०-०-१३: १० किलो नत्र, १० किलो स्फुरद, साडेसहा किलो गंधक.
- १०-२६-२६: ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद, १३ किलो पालाश (पोटॅश). आपल्याकडे उसामुळे हे घराघरात असतं आणि उरलेलं पोतं वैरणीला जातं. पालाशची गरज असेल तर ठीक.
- रॉक फॉस्फेट: साधारण १८ ते २० टक्के एकूण स्फुरद, पण पाण्यात विरघळणारं जवळजवळ नाही. आपल्या देशातलं बरंचसं राजस्थानात उदयपूरजवळच्या झामरकोटड्याच्या खाणीतून येतं.

रॉक फॉस्फेटचा ‘१८’ आणि सुपरचा ‘१६’ हे एकाच तराजूत घालू नका. सुपरचा बहुतेक स्फुरद पाणी मिळताच मोकळा होतो. रॉकचा दगड मातीतल्या आम्लाने झिजावा लागतो.

४. पोत्याचा नाही, स्फुरदाच्या किलोचा भाव काढा

हे लिहिताना डीएपीचं पोतं १३५० रुपयांना आहे आणि युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे पोत्यात २०.७ किलो. एक किलो नत्र जवळपास १३ रुपयांना पडलं.

डीएपीतल्या ९ किलो नत्राची किंमत झाली सुमारे ११६ रुपये. १३५० मधून ती वजा करा, १२३४ उरले. २३ ने भागा: स्फुरद किलोला ५३ रुपये ६५ पैसे.

सुपरचा भाव कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून तुमच्या दुकानातला घाला. समजा पोतं ५०० ला मिळालं, तर ८ ने भागून किलोला साडेबासष्ट रुपये. म्हणजे डीएपी स्वस्त?

एवढ्यावर थांबू नका. एकराला २० किलो स्फुरद द्यायचं तर सुपर अडीच पोती लागतं आणि डीएपीपेक्षा साधारण १७७ रुपये जास्त जातात. पण त्या अडीच पोत्यांतून पावणेचौदा किलो गंधक फुकट येतं. तुमच्या अहवालात गंधक कमी असेल तर सुपर महाग नाहीच. गंधक भरपूर असेल आणि रान रस्त्यापासून लांब असेल, पोती डोक्यावरून न्यायची असतील, तर १२५ किलोऐवजी ४४ किलो नेणं याला अर्थ आहे. मी हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते आणि भाव बदलला की नव्याने करते.

५. शेणातून किती येतं ते आधी धरा

नवीन माणूस ही पायरी हमखास गाळतो. एकरी वर्षाला ६० टन हिरवं गवत निघालं असं धरा. त्यात सुकं सुमारे ११ टन, आणि सुक्यात स्फुरद मूलद्रव्य ०.२ टक्के धरलं तर २२ किलो, म्हणजे ‘पी२ओ५’च्या भाषेत ५० किलो रानातून दरवर्षी उचलला जातो. शिफारस साधारणपणे हेक्टरी ५० ते ६०, म्हणजे एकरी २० ते २४ किलोची असते. मग उरलेला कुठून येतो?

गोठ्यातून येतो, पण तुम्ही आणलात तरच. जनावराच्या पोटातून स्फुरद मुख्यतः शेणावाटे बाहेर पडतं. मूत्रात नत्र आणि पालाश जास्त. चांगल्या शेणखतात टनाला दोन-तीन किलो स्फुरद असतं. एकरी १० टन शेणखत परत रानात गेलं की २० ते ३० किलो तिथूनच आलं. आमच्याकडे गवत नेपियरच्या रानातून यायचं आणि शेणखत सगळं भाताला जायचं. तिसऱ्या वर्षी ठोंबाला फुटवे कमी, जुनी पानं निळसर-जांभळट. तेव्हा मी खताच्या कंपन्या बदलत बसले होते, खरं तर गोठ्याची गाडी दुसरीकडे वळत होती.

लागवडीला एकरी १० टन शेणखत, आणि पुढे दरवर्षी पावसाच्या सुरुवातीला जमेल तेवढं. अहवालात स्फुरद कमी असेल तर खताची मात्रा पाव पट वाढवा, जास्त असेल तर पाव पट कमी करा.

६. मातीप्रमाणे निवडा

*सामू साडेपाचच्या आसपास किंवा खाली (खानापूर पट्टा):* रॉक फॉस्फेटला इथेच जागा आहे. नेपियर, गिनी, सिग्नल गवत ही वर्षानुवर्षं उभी राहणारी पिकं, त्यामुळे हळूहळू सुटणारं स्फुरद त्यांना उपयोगी पडतं. पण नवीन लागणीची कोवळी मुळं दगड झिजण्याची वाट पाहू शकत नाहीत. म्हणून मी मिसळून देते: एकरी सुपरचं एक पोतं (८ किलो) आणि उरलेल्या १२ किलोसाठी ६७ किलो रॉक फॉस्फेट. ब्राझीलच्या सेर्राडो पठारावरही अशीच लाल, आम्ल, स्फुरद धरून ठेवणारी माती आहे; तिथली सिग्नल गवताच्या जातकुळीतली कुरणं चुना आणि स्फुरद यांच्या जोरावरच उभी राहिली.

चुना आणि रॉक फॉस्फेट एकाच वेळी घालू नका. चुन्याने आम्लता मरते, आणि रॉक झिजवणारी तीच आम्लता. चुना घालायचाच असेल तर स्फुरदासाठी सुपर घ्या.

*सामू सहा ते साडेसात:* सुपर किंवा डीएपी, हिशेबात जे बसेल ते. गंधकाचा आकडा बघून ठरवा.

*सामू साडेसातच्या वर, चुनखडी (माझ्या माहेरचं रान):* रॉक फॉस्फेटवर एक रुपयाही घालू नका. ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. दादाने स्वस्त म्हणून चार पोती घेतली होती; पुढच्या पावसाळ्यात नांगरताना करडी भुकटी तशीच दिसली. इथे सुपर किंवा डीएपी. डीएपी मात्र उघड्यावर फेकू नका, विम्ल मातीत त्यातलं अमोनियाचं नत्र हवेत उडतं. सरीत घालून मातीआड करा.

७. घालायची पद्धत खताप्रमाणे उलटते

स्फुरद मातीत जागेवरून फारसं हलत नाही, जिथे पडलं तिथून काही मिलिमीटर. म्हणून सुपर, डीएपी यांसारखं विरघळणारं खत *एका ओळीत, मुळांजवळ* द्या. पसरून मातीत कालवलं तर जास्त मातीला स्पर्श होतो आणि तेवढंच ते अडकतं. दाणेदार सुपर म्हणूनच भुकटीपेक्षा बरं. लागवडीला सरीत खत, त्यावर दोन बोटं माती, मग कांडी किंवा ठोंब. डीएपी थेट कांडीच्या डोळ्याला लागू देऊ नका.

रॉक फॉस्फेटचं अगदी उलट. त्याला मातीचा स्पर्श जितका जास्त तितकं ते झिजतं. पिठासारखं बारीक घ्या, सगळीकडे पसरा, आणि कुळवाने मातीत मिसळा. बोटांत खरखरीत लागत असेल तर परत करा. शेणखतात स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी, मिसळून बरोबर दिले तर मदत होते, पण त्यांनी चुनखडीत चमत्कार घडेल अशी आशा धरू नका.

उभ्या नेपियरला दरवर्षी स्फुरद देताना ओळीच्या कडेने कुदळीने उथळ चर काढा, खत घाला, झाका. कापणी झाल्यावर लगेच करा, तेव्हा आत शिरायला जागा असते. स्फुरद वर्षातून एकदा पुरे. नत्र मात्र प्रत्येक कापणीनंतर. आमच्या बाजूला उतारावरच्या रानात मुसळधार पावसाच्या तोंडावर खत उघडं टाकू नका. स्फुरद पाण्याबरोबर झिरपत नाही, पण मातीबरोबर वाहून ओढ्याला जातं.

युरिया आणि सुपर एकत्र कालवून ठेवू नका. दोन तासांत ओला चिखल होतो आणि हाताला चिकटतो.

८. स्वतःच्या रानात तुलना करा, आणि नत्र सारखं ठेवा

माझी चूक इथे होती. डीएपीच्या वर्षी गवताला स्फुरदाबरोबर नत्रही जास्त मिळालं होतं, सुपरच्या वर्षी ते मिळालं नाही. गवत नत्राने हिरवं होतं. मी नत्राचा हिरवेपणा पाहून स्फुरदाला गुण दिले.

चार पट्टे करा, प्रत्येकी एक गुंठा, उताराच्या दिशेने वरून खाली लांबट, म्हणजे एका पट्ट्याचं पाणी दुसऱ्यात शिरणार नाही. एकरी २० किलोच्या हिशेबाने गुंठ्याला अर्धा किलो स्फुरद पडतं:

- पहिला पट्टा: स्फुरद नाही, युरिया ४२५ ग्रॅम
- दुसरा: सुपर ३ किलो १०० ग्रॅम, युरिया ४२५ ग्रॅम
- तिसरा: डीएपी १ किलो ९० ग्रॅम, जादा युरिया नाही
- चौथा: रॉक फॉस्फेट २ किलो ८०० ग्रॅम, युरिया ४२५ ग्रॅम

तो ४२५ ग्रॅम युरिया म्हणजे डीएपीत आलेल्या नत्राची बरोबरी. शेणखत, पाणी, कापणीनंतरचा युरिया सगळ्यांना सारखा. पहिला, स्फुरद न घातलेला पट्टा सोडू नका. तो नसेल तर स्फुरदाची गरज होती का, हेच कळत नाही.

कापणी एकाच दिवशी, कडेच्या ओळी सोडून मधल्या ओळींचं वजन. प्रत्येक पट्ट्यातलं एक किलो गवत कुट्टी करून उन्हात वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि पुन्हा तोला. जास्त पाणी धरलेलं गवत ओलं असताना जड भरतं. पहिली कापणी लागवडीनंतर ६० ते ७५ दिवसांनी, पुढच्या ४० ते ४५ दिवसांनी. निर्णय पहिल्या कापणीवर घेऊ नका. पहिल्या कापणीला रॉकचा पट्टा मागे पडणारच. आम्ल रानात त्याचा खरा हिशेब वर्षाच्या शेवटी आणि दुसऱ्या वर्षी होतो.

सुपरचा पट्टा पुढे गेला तर लगेच स्फुरदाला श्रेय देऊ नका. ते गंधकाचं काम असू शकतं. अहवालातली गंधकाची ओळ काढून बघा.

९. दुकानात आणि गोठ्यात सांभाळायचं

पक्की पावती घ्या, पोत्यावरचा दर आणि पावतीवरचा दर ताडून बघा. हंगामात डीएपीबरोबर नको असलेली बाटली किंवा दुसरं खत गळ्यात मारतात. मला एकदा दोन पोत्यांबरोबर तीन बाटल्या घ्याव्या लागल्या. घेणं बंधनकारक नाही, रैत संपर्क केंद्रात तक्रार करता येते.

डीएपीचे थोडे दाणे तंबाखूसारखे चुन्याबरोबर मळा. नाकात झणझणीत अमोनियाचा वास यायला हवा. तव्यावर मंद आचेवर ठेवलं तर डीएपीचे दाणे फुगतात; सुपरचे फुगत नाहीत. दाणेदार सुपर डीएपी म्हणून खपवलं असेल तर इथे कळतं. शंका आली तर पोतं शिवून तसंच ठेवा आणि कृषी खात्याला नमुना घ्यायला सांगा.

आणि एक कळकळीने सांगते. म्हैस माती चाटते, हाडं चघळते, वारंवार उलटते (गाभण न राहता पुन्हा माजावर येते), तेव्हा स्फुरद कमी पडल्याची शंका घेणं बरोबर आहे. पण खताचं रॉक फॉस्फेट कधीही आंबोणात घालू नका. त्यात फ्लोरिन असतं, दात आणि हाडं खराब होतात. जनावराला खनिज मिश्रण किंवा चाऱ्यासाठीचं डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) द्यायचं, तेही पशुवैद्यांना विचारून. खत घातलेल्या रानात पाऊस किंवा पाणी होऊन ते विरघळेपर्यंत गुरं सोडू नका, आणि पोती गोठ्यात ठेवू नका.

पट्ट्यांचा हिशेब वहीत राहू द्या. तीन वर्षांनी पुन्हा माती तपासा, खत घालण्याआधी, त्याच जागांवरून.